लांबड्यातली ठेच

१२ जून

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू मला ग्रुपमधून काढलंस, माझा नंबर अडवलास, मेल परत फिरवलीस. आता उरला पोस्टमन. त्याला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला आहे, पण तुला लावता येतं.

माझा गुन्हा काय, तर 'कोरा' चांगला आहे असं मी म्हणाले. तेही तुझ्या लेखाखाली, तू 'मंडळ मेलं' असं लिहिल्यावर. चारशे लोकांनी तुझ्या होला हो मिळवलं होतं. मी एकटीनं लिहिलं, की मंडळ मेलेलं नाही, तू म्हातारा झाला आहेस. ॲडमिनसाहेबांना झोंबलं.

पुढे 'तुला मूळ माहीतच नाही' म्हणशील, म्हणून तू नव्या पोरांना समजावतोस तसं मूळ मीच सांगते. त्या परदेशी बँडचं खरं नाव आईला उच्चारता येईना. ती म्हणायची, 'तुमचं ते मंडळ बंद करा आणि जेवायला या', तेव्हापासून मंडळ. पहिल्या अल्बमच्या काळ्या कव्हरवर पायऱ्या, म्हणून तो 'जिना'. त्यातलं वीस मिनिटांचं गाणं ते 'लांबडं'. आणि या वर्षीचा पांढऱ्या शुभ्र कव्हरचा तो 'कोरा'. कोण गुरगुरतो, कोण किती वेगानं बोटं चालवतो, हे मी तुझ्याकडूनच शिकले आणि तुझ्याच डब्यांवर वाजवून शिकले. टिनपाट हे नावही तूच ठेवलंस.

आता सांग, 'कोरा'त वाईट काय आहे? गुरगुऱ्या गुरगुरत नाही, गातो. एका गाण्यात नुसता पियानो आणि त्याचा फाटका आवाज आहे. तू लिहिलंस, 'यांचा दम संपला.' अरे, गुरगुरायला शेजारचा कुत्राही गुरगुरतो. साठीला आलेल्या माणसानं आपला चिरकलेला आवाज उघडा टाकायला दम लागतो. दुसऱ्या अल्बममध्ये बासरी आली तेव्हा लोक शिव्या घालत होते, आणि तू पानंच्या पानं भरून सांगत होतास, की बदलतं म्हणून तर ते मंडळ आहे. तेव्हा बासरी चालली, आता पियानो नको. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तुझा खरा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. 'कोरा'त शेवटी त्यांनी लांबडं नव्यानं वाजवलंय आणि त्यात ठेच नाही.

ठेच मी कशी विसरेन? हेडफोन एक, कान चार. चौदा मात्रांची ती चाल मोजायला आपण शब्द बसवले होते: मला दे, मला दे, मला दे, तुला नाही, घे. चौदावी मात्रा आली की 'घे' म्हणायचं. मधल्या शांत भागानंतर चाल परत येते, आणि चौथ्या फेरीला 'घे' गायब. तेराव्या मात्रेवरून थेट पुढे. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तोल जायचा. चुकून जो 'घे' म्हणेल त्यानं हेडफोन द्यायचे. नेहमी मीच द्यायचे.

कव्हरवरच्या जिन्यातही एक पायरी गायब आहे, हे तूच शोधून काढलंस. ती कंपनी बुडाली, अल्बम बाजारातून नाहीसा झाला, तेव्हा आपली कॅसेट तूच संगणकावर चढवलीस. आज जगात जो कोणी 'जिना' ऐकतो तो तुझी प्रत ऐकतो. मान्य. एवढं सगळं मान्य करूनही 'कोरा' मला आवडतो. काय करशील?

टिनपाट

२९ जून

दादा,

तुझं कार्ड आलं. 'शब्द मागे घे. मग गॅरेजला यायचं बघू.' सबंध कार्डावर दोन वाक्यं. एवढी कंजुषी लांबड्यात दाखवली असती तर मंडळ कधीच मोठं झालं नसतं.

शब्द मागे घेत नाही.

गॅरेजवाल्यानं आपल्या मंडळवेड्यांच्या मैफिलीसाठी ऑगस्टचा पहिला रविवार धरला आहे. दुपारी स्कूटर बाहेर काढायच्या, लिफ्टवर स्पीकर ठेवायचे. आधी 'जिना', मग 'कोरा', मी ड्रमवर, तो बेसवर. तुझ्या जागी वकील गिटार वाजवणार आहे. वकील म्हणजे तोच, फरश्या विकतो आणि प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेतो. बोटं बरी आहेत, पण लांबड्यातल्या त्या चढावर धापा टाकतो. तुझी खुर्ची तुझीच आहे. ती मी मिरवायला नाही, तुला यावंसं वाटावं म्हणून सांगते आहे. मला तुझी आठवण येते आणि आठवण येते याचा राग येतो. झालं, लिहून टाकलं.

ग्रुपवर काय चाललंय ते मला वकील येऊन वाचून दाखवतो. मंडळाच्या गिटारवाल्याला मुलाखतीत कोणीतरी ठेच का काढली म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, 'कसली ठेच?' त्यावर तुझा शेरा: 'मंडळाला स्वतःचं गाणं आठवत नाही, ते आता आपणच सांभाळायचं.' सातशे लोकांनी टाळ्या दिल्या. मी चहा सांडेपर्यंत हसले. मग हसू थांबलं, का ते पुढच्या वेळी सांगीन. अजून माझीच खात्री नाही.

'जिना'च्या मूळ टेप सापडल्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत निघतोय, हे तुला माहीत आहेच. 'घोडामैदान जवळ आहे' असं तू लिहिलंस. त्याआधी तू ठेचेवर मोठा लेख टाकणार, असंही वकील म्हणाला. थोडा थांब. मोठी बहीण असते तर दरडावून सांगितलं असतं, धाकटी आहे म्हणून सांगते.

बाबांचे कान तपासले. माझ्या कानाच्या दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले, म्हटलं आवाज आला की बटण दाबा. खालचे घुमणारे आवाज सगळे येतात. वरचे बारीक गेले. थिएटरच्या मशीनरूममध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी घेऊन आयुष्य काढलं, त्याची ही पावती. आमच्याकडे येणारे म्हणतात ना, 'आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत', तसं झालंय. कानाचं यंत्र दिलं आहे. ते खिशात ठेवतात. म्हणतात, 'काय ऐकायचंय एवढं?'

तू रविवारी आईला फोन करतोस तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, हे तुला कोणी सांगितलं नसेल. आई फोन ठेवते, ते विचारतात, 'काय म्हणतोय?' आई सांगते, 'बरा आहे.' मग ते उठतात.

थिएटर बंद झालं त्या संध्याकाळचं मी काढणार नव्हते, पण काढते. त्यांनी नोकरीतलं सगळं सामान एका पिशवीत भरून घरी आणलं होतं, तू लांबडं वाजवत होतास, ते म्हणाले, 'बंद कर तो गोंगाट.' आणि तू म्हणालास, 'तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची चित्रं पडद्यावर पाडलीत. ठेच काय असते ते तुम्हाला कळायचं नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला. गोंगाट म्हणाले ते चूक, पण त्या दिवशी त्यांना काहीही म्हणायची मुभा होती. तुला नव्हती.

टिनपाट

१७ जुलै

दादा,

हे पत्र नीट बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तो गिटारवाला 'कसली ठेच?' म्हणाला ना, तेव्हा माझं हसू थांबलं, कारण तो खोटं बोलल्यासारखा बोलला नव्हता. माणसाला खरंच ऐकू आलं नाही की तो कसा बघतो, ते मी रोज काचेतून बघते. वकिलानं मुलाखतीचा व्हिडिओ दाखवला, त्यात त्याचा चेहरा तसा होता. म्हणून मी माळ्यावरून आपली कॅसेट काढली. तीच, डबीच्या कोपऱ्याला तडा गेलेली. ऐकत ऐकत ठेचेपर्यंत आणली, बटण दाबलं, कॅसेट बाहेर काढली आणि पेन्सिलीनं टेप थोडी ओढली.

तिथे जोड आहे.

टेप सरळ कापलेली आहे आणि मागून बारीक पट्टी लावली आहे. इतकी सफाईनं, की बोट फिरवलं तर कळेल, डोळ्याला दिसणार नाही. गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं रेडिओ दुरुस्तीत उमेदवारी केली आहे. तो म्हणाला, 'आवाजाची टेप जोडणारा तिरकी कापतो, म्हणजे झटका बसत नाही. ही सरळ कापणारा माणूस दुसऱ्या धंद्यातला आहे.'

दादा, सरळ कोण कापतं? फिल्म जोडणारा.

मी घरी आले. बाबा दारात बसून टेबलफॅनची जाळी पुसत होते. मी त्यांचं यंत्र खिशातून काढून कानात घातलं आणि कॅसेट पुढे धरली. त्यांनी टेप नखावर घेतली, उजेडाकडे तिरकी केली आणि म्हणाले, "हा माझा जोड आहे."

मग हळूहळू सांगितलं. मशीननं टेप खाल्ली होती. आपण दोघं शाळेत होतो. कॅसेट बिघडलेली दिसली तर तू आकांत करशील म्हणून आईनं ती गुपचूप थिएटरवर पाठवली. मधला तेवढा तुकडा चुरगळून गेला होता. फिल्म तुटली की ते जे करायचे तेच त्यांनी केलं. खराब तेवढं काढलं, चांगल्याला चांगलं जोडलं. आपण घरी यायच्या आत कॅसेट जागेवर ठेवली. आपण त्याआधी ती जेमतेम आठवडाभर ऐकली असेल, तीही पहिलीच बाजू घासत होतो. लांबडं दुसऱ्या बाजूला. ते आपण ऐकलं ते जोडलेलंच. पहिल्या बाजूला ती जागा दोन गाण्यांमधल्या शांततेत पडली, म्हणून तिथे कळलं नाही.

मी त्यांना ठेच म्हणजे काय ते समजावलं. मांडीवर वाजवून दाखवलं. मला दे, मला दे, मला दे, तुला नाही, घे. आणि चौथ्यांदा 'घे' नाही. त्यांनी दोनदा वाजवायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे तो त्या दिवशी म्हणाला ती ठेच, ती हीच?"

मी हो म्हणाले. मला वाटलं हसतील, किंवा चिडतील. निदान 'बघ' म्हणतील. तेवढा त्यांचा हक्क होता. ते जाळी पुसत राहिले आणि म्हणाले, "त्याला सांगू नकोस. त्याची आवडती जागा आहे ती."

मी आत जाऊन रडले. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

मी त्यांचंही ऐकत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल. या घरात सगळ्यांनी एकमेकांना जपण्यासाठी तोंड मिटून घेतलं, आणि म्हणून तू तिकडे आणि आम्ही इकडे. मी नाही मिटणार. शिवाय 'जिना' निघायला थोडेच दिवस उरलेत. मूळ टेपमध्ये चौदाच मात्रा असणार. तुझा लेख बाहेर पडला आणि पाठोपाठ अल्बम आला, तर तुझे ते सातशे टाळ्यावाले पहिले उलटतील. लेख थांबव. 'कोरा'ला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी तितक्याच परत देईन. पण हा लेख थांबव.

टिनपाट

ता. क. फोनवर आईकडून निरोप दिला असता, पण ती म्हणते, 'मंडळाच्या भांडणात मला ओढू नका.' आणि शेजारी बाबा बसलेले असतात.

४ ऑगस्ट

दादा,

तू पत्र उघडलंच नाहीस. उघडलं असतंस तर लेख टाकला नसतास.

लेख मी वाचला, वकिलाच्या फोनवर. चांगला लिहिला आहेस, हेच वाईट आहे. 'ज्या मंडळानं एक पायरी गाळायची हिंमत केली, ते आज सपाट जमिनीवर चालतंय.' दोन दिवसांनी अल्बम आला. लांबडं लागलं, शांत भाग गेला, चाल आली. चौथ्या फेरीला चौदावी मात्रा जिथे असायला हवी तिथे होती. ठेच नाही. संध्याकाळपर्यंत तुला ठेचसम्राट म्हणायला लागले होते. तू काहीच उत्तर दिलं नाहीस, हे मला सर्वांत जास्त लागलं. तू उत्तर न देणारा माणूस नाहीस.

काल गॅरेज झालं. पन्नासेक लोक आले. ग्रीसचा वास, दारात स्कूटर, आणि माझ्या ड्रमच्या डाव्या हाताला प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा. मी आणलं त्यांना. आई म्हणाली, कशाला, त्यांना काही ऐकू येणार नाही. मी म्हटलं, खालचं सगळं येतं.

वाजवायच्या आधी वकिलानं माइक घेतला आणि तुझा लेख तुझ्या आवाजात वाचून दाखवायला लागला. नक्कल चांगली करतो. लोक पोट धरून हसत होते. तुझ्या टाळ्यावाल्यांपैकी निम्मे तिथेच होते. पिंजऱ्यात वाघ नसला की सगळेच शूर. मी काठ्या खाली ठेवल्या आणि माइक हिसकावून घेतला.

काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते: "माझ्या भावाला मूर्ख म्हणायचा हक्क माझा आहे. तो मी तुम्हाला दिलेला नाही. ठेच मंडळानं केली नसेल, पण ती आहे. तुम्ही सगळे तिच्यावर माना डोलवत मोठे झालात. ती या खुर्चीत बसलेल्या माणसानं केली, कात्रीनं. इथे लांबडं वाजेल ते ठेचेसकट. ज्याला चौदा हव्यात त्यानं घरी जाऊन मोजाव्यात."

वकिलानं तोंड उघडलं. म्हणाला, पण तू तर 'कोरा'च्या बाजूची. मी म्हटलं, आहेच, ते नंतर वाजवू. आणि काठ्यांनी चार मोजले.

शांत भाग गेला. मी बाबांकडे बघत होते. त्यांना गिटार ऐकू आली नसेल, फक्त माझा पायानं वाजवायचा ड्रम येत असेल, खुर्चीतून, फरशीतून. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथीला 'घे' गाळला आणि उडी मारली. सगळं गॅरेज एकदम पुढे झुकलं, नेहमी झुकतं तसं. बाबा खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. आणि मग ते हसले, दादा. थिएटरात फिल्म तुटून परत सुरू झाली की पब्लिक शिट्ट्या मारायचं, तेव्हा मशीनरूमच्या खिडकीतून हसायचे तसे.

नंतर गॅरेजवाला सगळ्यांना विचारत फिरला, की ही खरी का ती खरी. भांडणं लागली. चहा गार झाला. 'कोरा' वाजवला तेव्हा निम्मे उठून बाहेर गेले, आणि निम्मे राहिले हे मी त्यांना कधी विसरू देणार नाही. पियानोच्या गाण्याला पियानो नव्हता. वकिलानंच गिटारवर वाजवलं, मान खाली घालून, आणि तुझ्यापेक्षा बरं वाजवलं. जळ.

आता एक वस्तू. या कागदाच्या खाली कोपऱ्यात चिकटवली आहे. तपकिरी, बोटाच्या पेराएवढी, चुरगळलेली. कॅसेटच्या डबीतल्या कागदामागे, त्या जिन्याच्या पाठीला, बाबांनी लावून ठेवली होती. मी विचारलं, का जपली? म्हणाले, "कापलेलं टाकायचं नसतं. मालकाला दाखवावं लागायचं, नाहीतर म्हणायचे, ऑपरेटरनं नटीचे फोटो घरी नेले."

म्हणजे चौदावी मात्रा इतकी वर्षं तुझ्याच डबीत होती. तेवढी एकच जगात तुझ्याखेरीज कोणाकडे नाही. आता वाजणार नाही ती.

घे.

टिनपाट

१० ऑगस्ट

दादा,

आज रविवार. तुझा फोन येऊन गेला. तिकडून तुला जे दिसलं नाही तेवढं लिहिते आणि पुरे करते.

आई नेहमीप्रमाणे बोलली. पाऊसपाणी, गुडघा, पाहुणे. मग तू बाबांना फोन दे म्हणालास बहुतेक, आणि आईचा चेहरा बदलला. तिनं फोन कानापासून काढला आणि शेजारच्या खुर्चीपुढे धरला. म्हणाली, "घ्या." मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आई बाबांना 'घे' थोडीच म्हणणार. पण 'घ्या' काय नि 'घे' काय, मात्रा एकच.

त्यांनी फोन दोन्ही हातांनी घेतला. तू बराच वेळ बोलत होतास. ते "हो" म्हणत होते. मध्येच "हो, हो." एकदा "नाही नाही, तसं काही नाही." एकदा डोळे पुसले, चष्मा न काढताच, खालून बोट घालून. मग फोन आईकडे दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"बरंच बोलला," म्हणाले.

आणि मग मला त्यांच्या शर्टाचा खिसा दिसला. यंत्र खिशात होतं, दादा. फोनवरचा आवाज म्हणजे नेमका त्यांचा गेलेला भाग. तू बोलतो आहेस एवढं त्यांना कळलं. काय बोललास, त्यातला एक शब्दही कळलेला नाही.

तेव्हा जे काही होतं ते तुला परत सांगावं लागणार आहे. समोर बसून, मोठ्यानं, डाव्या कानाशी. गिटार घेऊन ये. लांबडं तुझ्या मनासारखं वाजवू, आणि मग 'कोरा' माझ्या मनासारखा.

शब्द मागे घेतलेला नाही.

टिनपाट